भाड्याची ट्रॉली आपल्या ट्रॅक्टरला जोडताना: निवड, तपासणी, भार आणि व्यवहार

मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम आणि आसपासच्या गावांत स्वतःचा ट्रॅक्टर असलेले शेतकरी बरेच आहेत. त्या मानाने स्वतःची चांगली ट्रॉली असलेले कमी. ट्रॅक्टर नांगरणी, रोटाव्हेटर, पेरणी, फवारणी अशा कामांना वर्षभर लागतो. ट्रॉली मात्र सोयाबीनची सोंगणी-मळणी, तूर-हरभऱ्याची काढणी आणि उन्हाळ्यातील शेणखत वाहतूक एवढ्यापुरतीच लागते. त्यामुळे ट्रॉली विकत घेऊन दारात उभी ठेवण्यापेक्षा गरजेपुरती भाड्याने घेणे अनेकांना परवडते.

भाड्याची ट्रॉली घेताना बहुतेक वेळा दोनच गोष्टी पाहिल्या जातात: भाडे किती आणि माल किती बसतो. खरा प्रश्न तिसरा आहे. भरलेली ट्रॉली आपला ट्रॅक्टर थांबवू शकतो का? ओढणे सोपे असते. चाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर सपाट रस्त्यावर त्याला न झेपणारे वजनही खालच्या गिअरमध्ये ओढून नेतो. उतारावर, वळणावर किंवा अचानक जनावर आडवे आल्यावर मात्र ते वजन ट्रॅक्टरच्या ताब्यात राहत नाही. म्हणून ट्रॉलीत किती माल भरायचा हे फाळक्यांच्या उंचीवरून ठरवू नका. ते आपल्या ट्रॅक्टरच्या वजनावर आणि ब्रेकवर ठरवा.

किती भार घ्यावा: सोपा हिशेब

आपल्याकडील बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. अशा ट्रॉलीसाठी कृषी यंत्रांच्या सुरक्षिततेत एक ढोबळ नियम वापरला जातो. ट्रॉलीचे मालासह एकूण वजन ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीपेक्षा जास्त नसावे आणि वेग ताशी 30 किलोमीटरच्या आत असावा.

एक उदाहरण घेऊ. ट्रॅक्टरचे वजन 2 टन आहे. दीडपट म्हणजे 3 टन. रिकाम्या ट्रॉलीचे वजन 1.2 टन धरले, तर मालासाठी 1.8 टन म्हणजे 18 क्विंटल उरतात. 60 किलोचे 30 कट्टे. आपल्या ट्रॅक्टरचे वजन नोंदणी पुस्तिकेत किंवा कंपनीच्या माहितीपुस्तिकेत असते, रिकाम्या ट्रॉलीचे वजन तिच्या नोंदणी पुस्तिकेत. आकडा सापडत नसेल तर रिकामी ट्रॉली एकदा वजनकाट्यावर घालून घ्या.

हा आकडा अनेकांना कमी वाटेल, कारण प्रत्यक्षात याच्या दुप्पट माल भरलेला आपण रोज पाहतो. पण ब्रेक फक्त ट्रॅक्टरला आहेत हे लक्षात घ्या. ढोबळमानाने सांगायचे तर ट्रॅक्टर आणि ट्रॉली मिळून एकूण वजन एकट्या ट्रॅक्टरच्या चौपट झाले, तर थांबायला लागणारे अंतरही चौपटीच्या जवळ जाते. वेग दुप्पट केला तर तेच अंतर आणखी चौपट होते. जास्त माल न्यायचाच असेल तर पर्याय तीन: ब्रेक असलेली ट्रॉली घ्या, जड ट्रॅक्टर लावा किंवा दोन फेऱ्या करा. दुसऱ्या फेरीचे डिझेल अपघातापेक्षा नेहमीच स्वस्त पडते.

एकच ट्रॉली, वेगवेगळा माल

10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि 2 फूट उंच ट्रॉलीचे घनफळ 120 घनफूट, म्हणजे सुमारे 3.4 घनमीटर होते. ती काठोकाठ भरली तर मालाप्रमाणे वजन असे बदलते:

- सुटे सोयाबीन: सुमारे 25 क्विंटल
- अर्धवट कुजलेले शेणखत: सुमारे 17 ते 24 क्विंटल, ओले असेल तर याहूनही जास्त
- पाण्याची टाकी, तेवढ्याच घनफळाची: 34 क्विंटल
- वाळू किंवा मुरूम: 54 क्विंटल किंवा अधिक

म्हणजे वर काढलेली 18 क्विंटलची मर्यादा असेल तर सुटे सोयाबीन काठाच्या बऱ्याच खाली आणि मुरूम ट्रॉलीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच भरता येतो. पाण्याच्या टाकीबाबत आणखी एक गोष्ट. अर्धी भरलेली टाकी वळणावर हेलकावते आणि ट्रॉली उलटू शकते. टाकी लहान घ्या, पण पूर्ण भरा.

दोन चाकी की चार चाकी?

दोन चाकी ट्रॉलीच्या वजनाचा काही भाग ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. त्यामुळे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना पकड मिळते. पांदण रस्त्यावर, काळ्या ओलसर जमिनीत आणि मागे घेताना ही ट्रॉली सोयीची असते. मात्र माल कुठे ठेवला यावर सगळे अवलंबून असते. एकूण वजनाचा साधारण दहावा भाग हुकावर यावा.

- माल मागच्या फाळक्याकडे जास्त झाला तर ट्रॉली हुक वर उचलते. ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होऊन घसरतात आणि ट्रॉली हेलकावे खाऊ लागते.
- माल पुढे जास्त झाला तर ट्रॅक्टरचे पुढचे तोंड उचलले जाते. स्टिअरिंग एकदम हलके लागले तर समजा, पुढची चाके जमिनीवर नीट टेकलेली नाहीत. तिथेच थांबून माल मागे सरकवा.

चार चाकी ट्रॉली आपले वजन स्वतः पेलते. डांबरी रस्त्यावरच्या लांबच्या वाहतुकीला ती बरी. पण मागे घ्यायला अवघड, आणि चिखलात ट्रॅक्टरला जादा पकड देत नाही. ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस झाल्यावर शेतातून माल काढायचा असेल तर दोन चाकी ट्रॉलीत निम्मा माल भरून तो रस्त्यावर आणावा.

ट्रॉली ताब्यात घेण्यापूर्वी तपासणी

ही तपासणी दिवसाउजेडी, ट्रॉली रिकामी असताना आणि मालक समोर असताना करावी. पंधरा-वीस मिनिटे लागतात.

1. हुक आणि पिन: ट्रॉलीच्या पुढच्या कडीचे भोक लांबट झिजले आहे का ते पाहा. पिन योग्य जाडीची असावी आणि खालून अडकवणीची क्लिप असावी. पिनेऐवजी सळईचा तुकडा किंवा बोल्ट कधीही चालवू नका. हुकाशिवाय एक जादा सुरक्षा साखळी ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामध्ये लावा.

2. जोडण्याची जागा: ट्रॉली ट्रॅक्टरच्या खालच्या हुकालाच जोडावी. मागचा एक्सल असतो त्याच्या वर, टॉप लिंकच्या जागी, साखळी किंवा दांडा बांधून ओढल्यास ट्रॅक्टर मागे उलटतो. चालकाला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. जोडल्यावर ट्रॉली जमिनीला समांतर दिसली पाहिजे.

3. चाके: टायरच्या बाजूला चिरा, फुगवटे आणि वेगवेगळ्या मापांचे टायर नकोत. नट सगळे आहेत का मोजा. जॅकवर चाक उचलून हाताने हलवा. खडखड वाजले तर बेअरिंग ढिले आहे. थोडे अंतर चालवून चाकाच्या मधल्या भागाला हात जवळ नेऊन पाहा. एक चाक दुसऱ्यापेक्षा फार गरम लागले तर ती ट्रॉली घेऊ नका.

4. पाटे आणि सांगाडा: पाट्यांचे तुटलेले पान, सांगाड्यावरचे नवे वेल्डिंग आणि वाकलेला एक्सल पाहा. वेल्डिंग नवे आणि रंगही नवा असेल तर काय तुटले होते ते विचारा.

5. दिवे आणि रेडियम: सोंगणीच्या दिवसांत मापाला उशीर होतो आणि परतताना रात्र होते. दिवे नसलेली रिकामी ट्रॉली मागून येणाऱ्या वाहनाला दिसत नाही. मागे लाल, बाजूला पिवळे आणि पुढे पांढरे रेडियम असावे. मागचे दिवे, इंडिकेटर आणि त्यांचा प्लग आपल्या ट्रॅक्टरला बसतो का ते जोडून पाहा.

6. हायड्रॉलिक ट्रॉली असल्यास: तिचा जॅक आपल्याच ट्रॅक्टरचे तेल वापरतो. आधीच्या ट्रॅक्टरचे जुने, पाणी मिसळलेले तेल त्यात उरले असेल तर ते आपल्या हायड्रॉलिकमध्ये शिरते. जोडण्यापूर्वी नळीची दोन्ही टोके पुसून घ्या आणि निघणाऱ्या तेलाचा रंग पाहा. दुधाळ दिसले तर जोडू नका. जॅक उचलल्यावर आपल्या ट्रॅक्टरमधील तेलाची पातळी खाली जाते, म्हणून आधी पातळी पूर्ण करा.

ट्रॉली रिकामी करताना ट्रॅक्टर सपाट जागी सरळ उभा करा. वर विजेच्या तारा नाहीत याची खात्री करा. उचललेल्या ट्रॉलीखाली टेकू लावल्याशिवाय कोणीही जाऊ नये.

ट्रॉलीबरोबर येणारी माती

यंत्राबद्दल आपण विचारतो, पण ट्रॉली आदल्या दिवशी कोणाच्या शेतात होती हे विचारत नाही. तळाशी आणि चाकांना चिकटलेल्या मातीबरोबर गाजरगवताचे बी येते. तुरीच्या मर रोगाची बुरशी मातीत अनेक वर्षे तग धरते आणि अशा मातीबरोबर निरोगी शेतात पोहोचते. ट्रॉली शेतात नेण्यापूर्वी रस्त्याकडेलाच खरडून, झाडून आणि शक्य असेल तर पाण्याने धुऊन घ्या.

सोयाबीन किंवा हरभऱ्याचे बीजोत्पादन करत असाल तर हे बंधनकारकच समजा. फाळक्यांच्या फटीत अडकलेले दुसऱ्या वाणाचे मूठभर दाणेही भेसळ ठरू शकतात. बियाण्याचे कट्टे उंचावरून ट्रॉलीत फेकू नका. सोयाबीनच्या दाण्याचे आवरण पातळ असते. आपट बसली की दाणा फुटलेला दिसला नाही तरी उगवण कमी होते.

बिघडलेला ट्रॅक्टर किंवा यंत्र ट्रॉलीवर नेताना

हंगामात शेजाऱ्याचा ट्रॅक्टर शेतात बंद पडतो आणि भाड्याची ट्रॉली आणून तो मेहकर किंवा चिखलीला दुरुस्तीला नेण्याचा विचार होतो. पहिला सल्ला असा की मेकॅनिकला शेतात बोलवा. नेणे भागच असेल तर यंत्र वाहून नेणारी खालच्या पातळीची गाडी बोलवा. स्वयंचलित हार्वेस्टर तर शेतीच्या ट्रॉलीवर कधीच चढवू नका. त्याचे वजन आणि उंची दोन्ही ट्रॉलीच्या आवाक्याबाहेर असतात.

ट्रॅक्टर ट्रॉलीवरच न्यायचा ठरला तर आधी वर दिलेला हिशेब करा. 2 टनांचा ट्रॅक्टर आणि 1.2 टनांची ट्रॉली मिळून 3.2 टन होतात. म्हणजे ओढणारा ट्रॅक्टर 2 टनांहून जड हवा किंवा ट्रॉलीला ब्रेक हवेत. त्यानंतर:

- ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरला जोडलेलीच ठेवा. दोन्हींच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. ट्रॉलीच्या मागच्या कडेखाली भक्कम टेकू द्या, नाहीतर चढवताना तिचे तोंड वर उचलले जाते.
- उभ्या फळ्यांवरून चढवू नका. ट्रॉलीच्या तळाएवढा उंच बांध किंवा माल चढवण्याचा धक्का शोधा आणि यंत्र जवळपास सपाट पातळीवर आत घ्या.
- ट्रॅक्टरचे निम्म्याहून जास्त वजन त्याच्या मागच्या चाकांवर असते. दोन चाकी ट्रॉलीत ती चाके ट्रॉलीच्या एक्सलच्या किंचित पुढे येतील असे उभे करा.
- गिअर टाका, हातब्रेक लावा. चार कोपऱ्यांतून चार साखळ्या सांगाड्याला बांधा, स्टिअरिंगच्या दांड्यांना नाही. दोन किलोमीटरवर थांबून साखळ्या पुन्हा ताणा.

बंद ट्रॅक्टर चाकांवरच ओढून न्यायचा असेल तर दोर वापरू नका, लोखंडी दांडा वापरा. दोराने ओढलेले वाहन उतारावर पुढच्या वाहनावर आदळते. मागच्या ट्रॅक्टरवर परवानाधारक चालक हवा. दोन वाहनांतील अंतर 5 मीटरपेक्षा जास्त नको. वेग ताशी 20 किलोमीटरच्या आत ठेवा आणि जवळच्या दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंतच न्या.

घाट, महामार्ग आणि रात्र

बुलडाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग आपण रोजच्या बोलण्यात करतो. मेहकर, चिखली घाटावर. खामगाव, मलकापूर घाटाखाली. घाटावरचा माल खामगावच्या बाजारात नेताना भरलेली ट्रॉली घेऊन खाली उतरावे लागते. उतार सुरू होण्यापूर्वी थांबा, चढायला लागेल तोच खालचा गिअर टाका आणि शेवटपर्यंत बदलू नका. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणे म्हणजे ट्रॉलीला मोकळे सोडणे. दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना जोडून घ्या. एकच पेडल दाबले गेले तर ट्रॅक्टर आडवा होतो आणि मागची ट्रॉली त्याला ढकलत नेते.

समृद्धी महामार्ग मेहकरजवळून जातो. त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉलीला परवानगी नाही. जुन्याच रस्त्याने जा.

कागदपत्रे

- ट्रॉली हे कायद्याने वेगळे वाहन आहे. तिची स्वतंत्र नोंदणी असते. नोंदणी नसलेली ट्रॉली भाड्याने घेऊ नका.
- मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 61 नुसार ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा क्रमांक ट्रॉलीच्या मागेही दिसला पाहिजे. भाड्याच्या ट्रॉलीवर मालकाच्या ट्रॅक्टरचा क्रमांक असतो. त्यावर आपल्या क्रमांकाची पाटी लावा.
- ट्रॅक्टर चालवण्याचा वैध परवाना असणारा चालक ट्रॉली जोडल्यामुळे अपात्र ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये स्पष्ट केले आहे. परवाना मुदतीत आहे का तेवढे पाहा.
- विमा हा सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. आपल्या ट्रॅक्टरच्या विम्यात ट्रॉलीचा समावेश आहे का आणि दुसऱ्याची ट्रॉली चालते का, हे विमा प्रतिनिधीकडून लेखी घ्या. शेतीसाठी उतरवलेला विमा असताना वाळू, विटा, मुरूम यांची भाड्याने वाहतूक केली तर भरपाईचा दावा अडचणीत येतो.
- मर्यादेपेक्षा जास्त वजनासाठी 2019 च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय कायद्यात 20 हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे 2 हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

व्यवहार कसा ठरवावा

ट्रॉली दोन ठिकाणी मिळते: गावातील शेतकऱ्याकडे किंवा शेतकरी गट आणि उत्पादक कंपन्यांनी चालवलेल्या अवजारे बँकेत. कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून आणि नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून बुलडाणा जिल्ह्यात अशा बँकांना मदत मिळालेली आहे. आपल्या परिसरात कोणती बँक आहे हे कृषी सहायकाला विचारा.

हंगामाआधी ठरवा. सोंगणीत सगळ्यांनाच एकाच आठवड्यात ट्रॉली हवी असते. जानेवारीच्या सुमारास हिवरा आश्रमच्या विवेकानंद जयंती महोत्सवात महाप्रसादाच्या वाटपासाठी परिसरातील अनेक ट्रॅक्टर-ट्रॉल्या जातात, आणि तुरीची काढणीही त्याच दिवसांत येते. त्या काळासाठी दोन-तीन आठवडे आधी बोलून ठेवा.

ओळखीतला व्यवहार असला तरी साध्या कागदावर एवढे लिहा: ट्रॉलीचा क्रमांक, नेण्याची आणि परत करण्याची तारीख-वेळ, भाडे दिवसावर की फेरीवर, पंक्चर कोणाकडे, टायर फुटल्यास किंवा पाटा तुटल्यास खर्च कोणाचा, बाजारात मापासाठी रात्र मुक्काम पडला तर जादा भाडे किती. दोघांच्या सह्या घ्या आणि चारही बाजूंचे फोटो मोबाईलवर काढा. निम्मे वाद जुन्या नुकसानीवरून होतात आणि ते फोटोने मिटतात.

ट्रॉलीत माणसे नकोत

4 एप्रिल 2025 रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात मजूर महिलांना घेऊन जाणारी ट्रॅक्टर-ट्रॉली विहिरीत कोसळली आणि हिंगोली जिल्ह्यातील सात महिलांचा मृत्यू झाला. सोंगणीला निघालेल्या मजुरांना ट्रॉलीतून नेणे आपल्याकडेही नेहमीचेच आहे. ट्रॉलीला बसण्याची जागा, धरण्याची सोय किंवा ब्रेक नसतात. त्यातील माणसे मालवाहू वाहनात बसलेली असल्याने विम्याची भरपाई मिळवणेही कठीण होते. भरलेल्या कट्ट्यांवर किंवा ट्रॉलीच्या दांड्यावर बसणे तर थेट चाकाखाली जाण्याची वाट आहे. मजुरांसाठी प्रवासी वाहन ठरवा आणि त्याचे भाडे मजुरीच्या हिशेबात धरा. शेतातील उघड्या विहिरींना कठडा बांधा किंवा निदान काटेरी कुंपण आणि खांब लावा, म्हणजे पावसात रस्ता दिसला नाही तरी विहीर दिसेल.

निघण्यापूर्वी एकदा पाहा

- मालासह ट्रॉलीचे वजन ट्रॅक्टरच्या दीडपटीच्या आत आहे का?
- पिन, क्लिप आणि सुरक्षा साखळी लागली का?
- माल पुढे-मागे समतोल आणि बांधलेला आहे का? मागचे फाळके बंद आहेत का?
- दोन्ही ब्रेक पेडल जोडले का?
- मागचे दिवे लागतात का, रेडियम पुसले का?
- आपल्या ट्रॅक्टरचा क्रमांक ट्रॉलीवर आहे का? कागदपत्रे सोबत आहेत का?
- ट्रॉलीत आणि दांड्यावर कोणी बसलेले नाही ना?

कृषी सहायक आणि शेतकरी गटांच्या प्रमुखांनी ही यादी सोंगणीच्या आधीच्या बैठकीत वाचून दाखवावी आणि अवजारे बँकेच्या भिंतीवर लावावी. ट्रॉली देणाऱ्यानेही प्रत्येक वेळी घेणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा: तुमच्या ट्रॅक्टरचे वजन किती?